.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार : ओतीव शिशाची गोळी कोणती घ्यावी?

सायोटोकाठचा

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

मी ओहायोत, कोलंबसच्या दक्षिणेला राहतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा आहेत. त्यांची चाळीस एकर जमीन, मका आणि सोयाबीन, कडेने ओक आणि हिकरीचं रान. गेले तीन मोसम त्यांच्याबरोबर हरणाला बसतोय. आतापर्यंत त्यांची शॉटगन वापरली, एक नर आणि एक मादी मिळाली. यंदा रिव्हॉल्व्हरने जायचं ठरवलंय. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा आठवडा सुरू होतो आणि हँडगनला नियम असा की नळी किमान पाच इंच, काडतूस सरळ भिंतीचं (पुढे निमुळतं न होणारं) आणि .३५७ इंच किंवा त्याहून मोठं. माझ्याकडे जुनी रूगर सुपर ब्लॅकहॉक आहे, .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. मी तयार ओतीव गोळ्यांचा एक डबा मागवला. २४० ग्रेन (साधारण साडेपंधरा ग्रॅम), चपट्या नाकाच्या, वर ठळक अक्षरांत ‘हार्ड कास्ट’ म्हणजे कठीण ओतीव, कठीणपणा ब्रिनेल या मोजपट्टीवर २२. आजोबांच्या रीलोडिंगच्या बाकावर, मॅन्युअल समोर ठेवून, मध्यम ताकदीची काडतुसं भरली. पंचवीस यार्डांवर पहिल्या बारा गोळ्या चहाच्या बशीत मावतील अशा बसल्या. विसाव्या गोळीपर्यंत बशीची परात झाली. तिसाव्या गोळीनंतर नळीत टॉर्च टाकून पाहिलं तर सिलिंडरकडच्या (काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याकडच्या) पहिल्या इंचभरात नळीतले पिळाचे आटे दिसेचनात, सगळं करडं. रविवारची अख्खी संध्याकाळ तांब्याचा ब्रश मारत बसलो. चांदीच्या वर्खासारखे शिशाचे पापुद्रे निघत होते.

मला कळत नाही ते हे : एवढं कठीण शिसं नळीला धरलं कसं? याहून कठीण घ्यायची का? वजन २४० ठेवायचं की ३०० वर जायचं? की पोकळ नाकाची? आजोबांच्या गॅरेजात लायमन कंपनीचा ४२९४२१ हा गोळ्या ओतायचा जुना साचा आहे, ते म्हणतात ‘हाच वापर, बाकी काही बघू नकोस’. पण कारण विचारलं की हसतात.

(दारूचं प्रमाण कृपया कुणी लिहू नये. ते मॅन्युअलमधूनच घेईन.)

---

रानवाट

मी मिशिगनमध्ये अकरा वर्षं शिकार करतोय. सरळ सांगतो, ओतीवच्या वाटेला जाऊ नका. २४० ग्रेनची जॅकेटवाली पोकळ नाकाची कारखान्याची काडतुसं घ्या. तांब्याचं आवरण असतं, नळीत शिसं धरत नाही, हरणाच्या अंगात शिरली की फुलते. पन्नास यार्डांच्या आत हरीण जागेवर किंवा शंभर पावलांत पडतं. मोसमाला दोन महिने राहिलेत, या दोन महिन्यांत धातुशास्त्र शिकण्यापेक्षा नेम पक्का करा.

---

शिसेओत्या

रानवाट यांचा सल्ला चुकीचा नाही. ज्याला फक्त हरीण हवंय त्याने तेच करावं. पण सायोटोकाठचे, तुम्हाला ओतीव गोळीच हवी आहे असं दिसतंय आणि साचा घरात पडून आहे, तर सविस्तर लिहितो. पेनसिल्व्हेनियात वीसेक वर्षं गोळ्या ओततोय.

पहिली गोष्ट. कठीणपणाचा नाद सोडा. डब्यावर ‘हार्ड कास्ट’ छापलं की माल खपतो म्हणून तो आकडा एवढा मोठा असतो. नळीत शिसं धरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मऊपणा नसून माप आहे. गोळी नळीपेक्षा किंवा सिलिंडरच्या तोंडापेक्षा बारीक असेल तर मागचा तापलेला वायू गोळीच्या कडेने पुढे पळतो. जाता जाता शिशाची कड कापत, वितळवत नेतो आणि ते शिसं पुढच्या थंड नळीवर थापतो. तुमचं शिसं नेमकं सिलिंडरजवळच्या पहिल्या इंचात बसलंय, ही त्याचीच खूण. वंगण कमी पडलं असतं तर ते नळीच्या तोंडाकडे धरलं असतं.

आणि कठीण गोळी इथे उलटी अडचण करते. मऊ गोळीचा बुंधा दाबाखाली किंचित फुगतो आणि फट बुजवतो. ब्रिनेल २२ ची गोळी मध्यम दाबाला दाद देत नाही. जशी बारीक आत गेली तशीच बारीक पुढे जाते, वायू कडेने.

म्हणून आधी हे करा. रिव्हॉल्व्हर रिकामी आहे हे दोनदा पाहा. सिलिंडर काढा. त्या डब्यातली एक गोळी प्रत्येक घरात मागून टाका आणि पुढच्या तोंडातून कशी बाहेर येते ते बघा. बोटाने हलकंसं ढकलल्यावर सरकली तर माप बरोबर. आपोआप खाली पडली तर गोळी बारीक. अजिबात जाईना तर तोंड अरुंद आहे, तिथे कितीही जाड गोळी घेतली तरी तोंडातून जाताना ती दाबली जाणार. सहाही घरं तपासा. नंतर मऊ शिशाची एक गोटी तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार करा आणि मायक्रोमीटरने मोजा. जॅकेटवाली .४४ ची गोळी ०.४२९ इंच असते. ओतीव गोळी नळीपेक्षा साधारण एक हजारांश इंच जाड आणि तोंडात बोटाने सरकेल एवढी हवी. ही दोन मापं कळल्याशिवाय पुढचं काही विकत घेऊ नका.

दुसरी गोष्ट, नाक. रायफलची गोळी वेगाने काम करते. रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण ११०० ते १३०० फूट प्रतिसेकंद, एवढ्यात ती वेगाच्या जोरावर मारत नाही. ती भोक पाडते, आणि ते भोक केवढं हे ठरतं नाकाच्या सपाट भागाच्या रुंदीवर. त्याला मेप्लॅट म्हणतात. गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारत जाते आणि मागे ते पुन्हा मिटतं. सपाट नाक मांस सरळ समोर ढकलतं, तोडतं. शिवाय सपाट नाकाची गोळी अंगात सरळ जाते, वाट सोडत नाही.

तुमच्या आजोबांचा ४२९४२१ म्हणजे एल्मर कीथ यांची रचना. आयडाहोतले पशुपालक. .४४ स्पेशल या आधीच्या काडतुसात जड गोळी जोरात चालवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. सारख्या रुंदीचे तीन पट्टे, वंगणासाठी चौकोनी खोल खाच, त्यावर क्रिंपची खाच (काडतुसाची कड आत दुमडून बसते ती) आणि पुढे सपाट नाक. ओतल्यावर साधारण २५० ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. .४४ मॅग्नम बाजारात आलं १९५५-५६ च्या सुमारास, त्यामागे कीथ यांनी वर्षानुवर्षं लावलेला लकडा होता. आजोबा हसतात ते एवढ्यासाठी असावं. ते काडतूस ज्या गोळीवर वाढलं तीच त्यांच्या गॅरेजात आहे.

याहून रुंद नाकाच्या रचना हल्ली मिळतात, त्यांना डब्ल्यूएफएन म्हणतात, नाक जवळजवळ तीन-चतुर्थांश व्यासाचं. हरणावर त्या जास्त झटका देतात असा माझा अनुभव. पण लांबवर अचूकतेत कीथ गोळी मला अधिक भरवशाची वाटते.

वजन. ओहायोतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आडवं उभं असेल तर २५० ग्रेनची सपाट नाकाची गोळी दोन्ही बरगड्यांतून आरपार जाते. ३०० ग्रेनची गरज अस्वल-एल्कला. इथे ती फक्त तुमचं मनगट दुखवेल.

पोकळ नाक नको. ते फुलायला मिश्रधातू आणि वेग यांचं गणित नेमकं जमावं लागतं. जमलं नाही तर एकतर फुलत नाही, नाहीतर नाक तुटून पडतं.

---

धातुवाला_पुणे

शिसेओत्या यांचं अगदी बरोबर. मी पुण्यात फाउंड्रीत आयुष्य काढलं, बंदूक कधी हातात धरली नाही, पण शिशावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

आमच्या काकांचा छापखाना होता. लहानपणी छपाईच्या अक्षरांचे झिजलेले खिळे वितळवायला मी बसायचो. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. अँटिमनी थिजताना आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार येते. कथलाने धातू पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो. गोळीच्या पट्ट्यांच्या कडा चोख यायला नेमकं हेच लागतं. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्राच्या धातूत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. तो अडीचशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. निव्वळ शिसं ३२७ ला वितळतं.

पण लायनोटाइप ठिसूळ. काकांचा खिळा फरशीवर पडला की टवका उडायचा. तशी गोळी हाडावर आपटली तर नाक फुटणार हे उघड आहे. शिकारीला अँटिमनी कमी आणि त्याच्या जोडीला तितकंच कथील असलेला धातू हवा. तो दाबाने वाकतो, तुटत नाही.

---

शिसेओत्या

धातुवाला, खिळ्यांची आठवण वाचून बरं वाटलं. मी हरणासाठी वापरतो ते असं : गाड्यांच्या चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं आणि मऊ शिसं निम्मं-निम्मं, वर दोन टक्के कथील. कठीणपणा ब्रिनेल ८ ते १० च्या आसपास. हवेतच थंड होऊ द्यायचं. साच्यातून गरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत टाकली की चाकाच्या वजनांचा धातू बराच कठीण होतो, पण आपल्याला ते नकोय.

सायोटोकाठचे, वजनं गोळा करताना सांभाळा. हल्ली जस्ताची आणि लोखंडाची असतात. लोखंड तरंगतं, ते सोपं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून भांडं ३७० च्या वर जाऊ देऊ नका, जस्ताचे तुकडे वर तरंगतील, चमच्याने काढा. चुकून विरघळलं तर तो सगळा घाणा वाया. ओटमीलसारखा दाट होतो, साचा भरतच नाही.

---

नवा_ओहायोकर

मध्येच विचारतो, क्षमस्व. मी एच-१बी वर आहे. मला हे करता येईल का? ऑफिसातला एकजण म्हणतो व्हिसावाल्यांनी बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही.

---

शिसेओत्या

ऑफिसातला माणूस अर्धा बरोबर आहे. संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. ग्रीनकार्डवाल्याला ही मनाई लागू नाही. तरीही तुमच्या जागी मी आधी इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारलं असतं, कारण चूक झाली तर व्हिसाच जातो. आणि परवान्याआधी सहसा हंटर एज्युकेशनचा वर्ग करावा लागतो. तो मन लावून करा, उत्तम असतो.

---

निसर्गवेडा

मला हा धागा वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली. चितळं, सांबरं माणसाकडे पुन्हा विश्वासाने पाहायला शिकली. आणि तिकडे जाऊन आपलीच माणसं कुठली गोळी जास्त फाडते याची चर्चा करताहेत. मांस दुकानात मिळतं ना?

---

सायोटोकाठचा

निसर्गवेडा, तुमचं वाईट वाटणं मला समजतं. मी स्वतः ताडोब्यात चितळांचा कळप पाहून तासभर हललो नव्हतो. भारतातला कायदा योग्यच आहे आणि मी तिथे कधी शिकार करणार नाही.

इथली गोष्ट वेगळी आहे. ओहायोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरीण जवळजवळ नाहीसं झालं होतं. बाहेरून आणून सोडली, वाढवली आणि १९४३ मध्ये तीन काउंटींत पुन्हा मोसम उघडला. आज सगळ्या ८८ काउंटींत आहेत. लांडगे नाहीत, कूगर नाहीत. आजोबांच्या मक्याच्या कडेच्या आठ-दहा ओळी दरवर्षी जातात आणि नोव्हेंबरात आमच्या रस्त्यावर गाडीला धडकून मेलेलं हरीण दिसलं नाही असा आठवडा जात नाही. परवान्याचा पैसा आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर लागणारा कर, दोन्ही वन्यजीवांच्या कामाला जातात.

दुकानातल्या मांसाबद्दल. माझ्या घरी हरणाखेरीज दुसरं लाल मांस येत नाही. ज्या जनावराचं खातो त्याच्या मरणाची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो. गोळीची एवढी चौकशी त्यासाठीच चालली आहे. चुकीची गोळी म्हणजे जखमी होऊन रात्रभर कुठेतरी पडलेलं जनावर.

---

कोकणी_बार

माझे आजोबा राजापूरच्या बाजूला. शेतीसंरक्षणाचा परवाना होता, ठासणीची बंदूक. भातावर रानडुक्कर यायचं. फाटक्या जाळ्याचं शिसं लोखंडी पळीत वितळवून चुलीवर गोळ्या ओतायचे. ओतताना आजी आम्हा पोरांना अंगणाबाहेर काढायची. एकदा पळीत ओला हात झटकला गेला. पाण्याचा एक थेंब शिशाखाली गेला आणि सगळं शिसं फाटकन छपरापर्यंत उडालं. आजोबांच्या पायावरचा तो डाग शेवटपर्यंत होता. तुम्ही लोक मशीन वापरत असाल, तरी पाणी लांब ठेवा हो.

---

शिसेओत्या

कोकणी_बार, +१. हे प्रत्येकाने वाचावं. ओला साचा, ओली भंगार वजनं, कपाळावरचा घाम, काहीही चालत नाही. पूर्ण बाह्या, चामडी बूट, चष्मा. नवीन भंगार नेहमी थंड भांड्यात घालून मग तापवायचं, वितळलेल्या शिशात कधीही टाकायचं नाही.

---

बालरोगवाली

मी न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ आहे. शिशाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये संदर्भपातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. गोळ्या ओतणाऱ्या घरांत बाधा होते ती बहुतेक वाफेने नव्हे, धुळीने. भांड्यावरची मळी चमच्याने काढली की करडी भुकटी उडते, ती कपड्यांवर बसते, बाबा आत येऊन मुलाला उचलून घेतात.

तेव्हा : उघड्या गॅरेजात, पंखा पाठीमागून. तिथे चहा-बिस्किटं नाहीत. कपडे तिथेच बदलायचे, वेगळे धुवायचे. हात साबणाने, नखांसकट. मळी झाकणाच्या डब्यात. ते भांडं, ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात कधीच नाही. आणि वर्षातून एकदा स्वतःची रक्ततपासणी.

मांसाबद्दलही. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते आणि तो खिमा फेकायला सांगितलं गेलं. वेगवान रायफलची गोळी आत फुटते तेव्हा कण लांबवर जातात. संथ, न फुटणारी ओतीव गोळी त्या मानाने बरी, पण शून्य नव्हे. जखमेभोवतीचं वीतभर मांस काढून टाका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर माझा सल्ला तांब्याच्या गोळीचा आहे.

---

बे_एरियातली

कॅलिफोर्नियातल्यांसाठी नोंद : १ जुलै २०१९ पासून इथे कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. काँडोर गिधाडं शिशाने मरत होती म्हणून हा कायदा. रेंजवर कागदावर मारायला ओतीव चालते, हरणावर नाही. आम्ही .४४ ला तांब्याची एकसंध गोळी वापरतो.

---

सायोटोकाठचा

शिसेओत्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. सहाही घरांतून ती डब्यातली गोळी आपोआप टपकन खाली पडली, एकातही अडकली नाही. आजोबांचा मायक्रोमीटर घेतला. गोळी ०.४३०. तोंडं ०.४३२. नळी ०.४३०. म्हणजे दोन हजारांश इंचाची फट, आणि त्यापायी माझी अख्खी संध्याकाळ!

शनिवारी आजोबांबरोबर गॅरेजात ओतायला बसलो. पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, साचा थंड होता. त्या परत भांड्यात. मग साचा तापला तशा चकचकीत, कडा काटेकोर. जरा जास्त तापल्यावर गोळ्यांवर दंव पडल्यासारखा पांढुरकेपणा आला. आजोबा म्हणाले, त्याने काही बिघडत नाही, फक्त दमानं घे. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी कुठे वाचली नव्हती : साच्याची वरची तबकडी फिरवून मुंड, म्हणजे वर उरलेलं जादा शिसं, कापलं की कापलेल्या जागेकडे बघायचं. गुळगुळीत असेल तर गोळी पोटात भरीव. तिथे टाचणीएवढं भोक दिसलं तर आत पोकळी आहे, ती गोळी बाद. नंतर काट्यावर तोलल्या. भोक दिसलं म्हणून जी एक वेगळी काढली होती तिच्यात साडेतीन ग्रेनची तूट निघाली.

गोळ्या नेमक्या ०.४३२ च्या मापात आणणाऱ्या डायमधून काढल्या. वंगण निम्मं मधमाश्यांचं मेण, निम्मं अलॉक्स (विकत मिळणारं वंगण). पन्नास गोळ्या मारल्या. नळीत टॉर्च टाकला, आटे लख्ख. पंचवीस यार्डांवर पन्नासावीसुद्धा पहिलीइतकीच नीट.

---

रानवाट

वा. मान्य आहे, मी वर घाईने लिहिलं होतं. आता एक विचारतो : किती लांबून मारणार?

---

सायोटोकाठचा

आजोबांचा नियम : सहा इंची कागदी बशीत, बसल्या स्थितीत, टेकू न घेता, सहाच्या सहा जिथून बसतील तेवढं अंतर. तो आकडा माझा सध्या पस्तीस यार्ड आहे. स्टँडपासून, म्हणजे माझ्या मचाणापासून, पस्तीस यार्डांवर मी एका हिकरीच्या झाडाला नारिंगी फीत बांधली आहे. फितीच्या पलीकडचं हरीण माझं नाही.

---

शिसेओत्या

हे फार उत्तम केलंत. अजून दोन सांगतो. एक, क्रिंप खाचेत घट्ट बसलाय ना बघा. .४४ च्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. पाच झाडून सहाव्याची लांबी मोजा. दोन, कानांना संरक्षण रानातही हवं. एकच बार कायमचा कान घालवू शकतो. इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, पाचोळ्यातलं पाऊल ऐकू येतं आणि बाराचा आवाज दबतो.

आणि मारायचं ते आडव्या उभ्या हरणालाच. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर. ओतीव गोळीने हरीण बहुधा जागेवर पडत नाही, पळतं. घाबरू नका. अर्धा तास तिथेच बसा. दोन भोकं पडलेली असतात, माग मिळतो.

---

मायमराठी_डेटन

.३५७ असेल तर? माझ्याकडे सहा इंची आहे.

---

शिसेओत्या

चालते, पण त्यात चुकीला जागा फार कमी. १५८ पेक्षा १८० ग्रेनची सपाट नाकाची घ्या, बुंध्याला तांब्याची टोपी म्हणजे गॅस चेक लावलेली. लायमन ३५८१५६ हा रे थॉम्पसन यांचा साचा १५८ च्या आसपासचा आहे, तोही गॅस चेकचा, जुना आणि चोख. अंतर पंचवीस यार्डांच्या आत ठेवा, आणि हरीण जराही तिरकं असेल तर सोडून द्या.

---

सायोटोकाठचा

मंडळी, मोसम संपला. वृत्तांत देतो.

सोमवारी पहाटे अंधारात चढलो. सात वाजता शिंगांना आठ टोकं असलेला एक नर मक्याच्या कडेने आला. फितीच्या पलीकडे, साधारण पन्नास यार्ड. अगदी शांत उभा राहिला. घोडा ओढला नाही. तो रानात गेला तेव्हा हात थरथरत होते.

गुरुवारी संध्याकाळी, उजेड जायला वीसेक मिनिटं असताना, एक मादी एकटीच ओकफळं वेचत आली. अठ्ठावीस पावलं. दोनदा मान वर केली, दोनदा मी श्वास धरला. आडवी झाली तेव्हा घोडा मागे ओढला, पुढची माशी पायामागच्या घडीवर ठेवली. बार कसा झाला ते आठवत नाही. चापाच्या चौकोनी कडीने मधल्या बोटाचं पेर सोललं होतं, ते रात्री हात धुताना कळलं. ती पाठीने कमानदार झाली आणि झाडीत घुसली. पाचोळा सात-आठ सेकंद वाजला, मग थांबला.

अर्धा तास बसलो. आजोबा कंदील घेऊन आले. ती उभी होती तिथे पाचोळ्यावर गुलाबी, फेसाळ रक्त. त्यांनी नुसती मान डोलावली, फुफ्फुस. साठ-पासष्ट पावलांवर एका पडलेल्या एल्मपाशी होती, डोळे उघडे, गेलेली. अलीकडच्या बरगडीत बोटाएवढं भोक, पलीकडे अंगठ्याएवढं. आत दोन्ही फुफ्फुसं आणि वरच्या शिरा. खांद्याचं मांस एका बाजूला वीतभर काढून टाकलं, बाकी सगळं स्वच्छ. गोळी आरपार गेली, सापडली नाही.

आजोबांच्या हाती साचा परत दिला तर घेतला नाही. म्हणाले, आता तुझ्याकडेच राहू दे.

बालरोगवाली, मुलगी चार वर्षांची आहे. तुमच्या सगळ्या सूचना पाळल्या आणि गोळ्या ओतायचे कपडे आजोबांकडेच ठेवतो. पुढच्या वर्षी तांब्याची गोळी पण तपासून बघणार आहे.

एक शंका उरली. साठेक ओतलेल्या गोळ्या शिल्लक आहेत, वंगण लावलेल्या. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कठीणपणा बदलेल का? आजोबांनी ओकच्या लाकडाची एक सुंदर पेटी दिलीय, तीत ठेवणार होतो.

---

धातुवाला_पुणे

हवेत थंड झालेल्या गोळीच्या कठीणपणात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक पडायचा तो पडून गेला, आता वर्षभरात विशेष काही होणार नाही. पण ओकच्या पेटीत ठेवू नका. ओकच्या लाकडातून अॅसिटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि बंद पेटीत शिशावर पांढरी भुकटी चढते. संग्रहालयांत शिशाच्या वस्तू अशाच खराब होतात. ती भुकटी विषारी असते, घरात लहान मूल आहे. कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, झाकणावर नाव आणि तारीख घाला, आणि पेटीत आजोबांचा साचा ठेवा, तेलाचा हात फिरवून.